बेंजामिन रॉबिन्स

बेंजामिन रॉबिन्स (१७०७ – २९ जुलै १७५१) हे इंग्लंडमधील गणितज्ञ, लष्करी अभियंते आणि प्रयोगशील शास्त्रज्ञ होते. तोफा व बंदुका यांच्या माऱ्याचा त्यांनी मोजमापांवर आधारलेला अभ्यास केला. त्यामुळे त्यांना आधुनिक प्राक्षेपिकीचे, म्हणजे प्रक्षेप्यांच्या गतीच्या शास्त्राचे, एक संस्थापक मानले जाते. ठासणीच्या बंदुकीत किती दारू भरावी, गोळी नळीत किती घट्ट बसावी, नळी किती लांब असावी आणि नेम धरूनही गोळी भलतीकडे का जाते, हे प्रश्न त्यांच्यापूर्वी गोलंदाजांच्या अनुभवावर आणि रूढीवर सोडलेले होते. रॉबिन्स यांनी ते प्रयोगाने सोडविण्याचा प्रयत्न केला. गोळीचा वेग मोजणारा बॅलिस्टिक लंबक, १७४२ मध्ये प्रसिद्ध झालेला 'न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी' हा ग्रंथ आणि पेचदार चरांच्या नळीविषयीचे विवेचन ही त्यांची प्रमुख कामगिरी होय. आयुष्याच्या अखेरीस ते ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्य अभियंते म्हणून भारतात आले आणि कोरोमंडल किनाऱ्यावरील फोर्ट सेंट डेव्हिड येथे त्यांचे निधन झाले.

प्रारंभिक जीवन

रॉबिन्स यांचा जन्म इंग्लंडमधील बाथ या गावी झाला. त्यांचे आईवडील क्वेकर पंथाचे होते आणि घरची परिस्थिती बेताची होती. क्वेकर पंथ युद्ध आणि शस्त्रधारण यांना धर्मविरुद्ध मानतो. अशा घरात वाढलेल्या मुलाने पुढे तोफांच्या शास्त्राचा पाया घालावा, हा त्यांच्या चरित्रातील एक लक्षणीय विरोधाभास आहे. तरुणपणीच त्यांनी पंथाचे आचार सोडून दिले.

त्यांना विद्यापीठीय शिक्षण मिळाले नाही, परंतु गणितातील त्यांची गती लहानपणीच दिसून आली. न्यूटन यांच्या 'प्रिन्सिपिया'च्या तिसऱ्या आवृत्तीचे संपादक डॉ. हेन्री पेंबर्टन यांच्याकडे त्यांची शिफारस झाली आणि ते लंडनला आले. तेथे त्यांनी प्राचीन ग्रीक भूमितीकारांचे आणि न्यूटन यांचे ग्रंथ स्वतःच्या प्रयत्नाने अभ्यासले. १७२७ मध्ये न्यूटन यांच्या क्षेत्रफळविषयक ग्रंथातील शेवटच्या सिद्धांताची त्यांनी दिलेली सिद्धता रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी, वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास, ते सोसायटीचे सदस्य झाले.

उपजीविकेसाठी ते गणिताच्या खासगी शिकवण्या घेत. पुढे एका जागी बसून शिकविण्याचा त्यांना कंटाळा आला आणि ते अभियांत्रिकीकडे वळले. गिरण्या, पूल, दलदलीच्या जमिनीचा निचरा, बंदरे आणि नद्यांतील जलवाहतूक अशा कामांचा त्यांनी अभ्यास केला. फ्लँडर्समधील नामांकित किल्ले प्रत्यक्ष पाहून त्यांनी तटबंदीच्या शास्त्राचेही ज्ञान मिळविले.

गणितातील वादविवाद

रॉबिन्स हे न्यूटन यांच्या परंपरेचे कट्टर समर्थक होते. १७२८ मध्ये त्यांनी योहान बेर्नुली यांच्या गतिमान वस्तूंच्या बलाविषयीच्या मतावर टीका केली. १७३४ मध्ये बिशप जॉर्ज बर्कली यांनी 'द ॲनालिस्ट' या पुस्तकात कलनशास्त्राच्या तार्किक पायावर हल्ला चढविला. त्याला उत्तर म्हणून रॉबिन्स यांनी १७३५ मध्ये न्यूटन यांच्या फ्लक्शन पद्धतीचे समर्थन करणारा प्रबंध लिहिला. त्यात सीमेच्या कल्पनेवर त्यांनी दिलेला भर उल्लेखनीय मानला जातो. याच विषयावर न्यूटन यांचे दुसरे एक समर्थक जेम्स ज्युरिन यांच्याशी त्यांचा दीर्घ वाद झाला. १७३९ मध्ये त्यांनी लेओनार्ट ऑयलर यांच्या यांत्रिकीवरील ग्रंथावरही टीका केली. त्याच ऑयलर यांच्यामुळे पुढे रॉबिन्स यांचे नाव युरोपभर पोहोचणार होते.

राजकारण आणि हुकलेले प्राध्यापकपद

या काळात रॉबिन्स राजकीय लेखनही करीत होते. पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल यांच्या विरोधकांच्या बाजूने त्यांनी १७३९ मध्ये स्पेनशी झालेल्या कराराविरुद्ध पुस्तिका लिहिल्या. वॉलपोल यांच्या पतनानंतर त्यांच्या कारभाराच्या चौकशीसाठी संसदेने जी समिती नेमली, तिचे चिटणीस म्हणून रॉबिन्स यांनी काम पाहिले.

१७४१ मध्ये वुलिच येथे तोफखान्याचे अधिकारी आणि अभियंते तयार करण्यासाठी रॉयल मिलिटरी अकॅडमी स्थापन झाली. तेथील तटबंदीशास्त्राच्या प्राध्यापकपदाची रॉबिन्स यांना अपेक्षा होती आणि त्यासाठी त्यांनी व्याख्यानांची तयारीही केली होती. ही जागा जॉन म्यूलर यांना मिळाली. रॉबिन्स यांचे राजकीय लेखन त्यांच्या निवडीच्या आड आले, असे मानले जाते. व्याख्यानांसाठी जमविलेली सामग्री वाया जाऊ न देता त्यांनी तिला ग्रंथाचे रूप दिले. हाच १७४२ मधील 'न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी' होय.

त्यापूर्वीचे तोफांचे शास्त्र

सोळाव्या शतकात इटलीचे निकोलो तार्ताल्या यांनी गोळ्याच्या मार्गाचा गणिती विचार केला. गॅलिलिओ यांनी १६३८ मध्ये हवेचा रोध नसल्यास फेकलेल्या वस्तूचा मार्ग अन्वस्त, म्हणजे पॅराबोला, असतो हे दाखविले. हवा विरळ आणि गोळा जड, तेव्हा हवेचा परिणाम नगण्य असणार, असे मानून पुढील लेखकांनी हाच नियम तोफांना लावला आणि पल्ल्याची कोष्टके तयार केली. उखळी तोफेतून सावकाश फेकलेल्या गोळ्यांच्या बाबतीत ही कोष्टके बरीचशी जुळत. वेगवान गोळ्यांच्या बाबतीत मात्र ती पूर्णपणे फसत. गोळी नळीतून नेमक्या किती वेगाने बाहेर पडते हे मोजण्याचे साधन नसल्याने चूक कोठे आहे हेच कळत नव्हते. हवेच्या रोधाचा सिद्धांत न्यूटन यांनी मांडला होता, पण त्यांचे प्रयोग मंद वेगांपुरते मर्यादित होते.

दारूच्या बलाचा शोध

'न्यू प्रिन्सिपल्स'चे दोन भाग आहेत. पहिला भाग नळीच्या आत काय घडते याविषयी आणि दुसरा गोळी हवेत शिरल्यानंतर काय होते याविषयी आहे.

दारू पेटल्यावर तिच्यातून हवेसारखा एक स्थितिस्थापक वायू निघतो आणि त्याचा दाबच गोळीला ढकलतो, हे रॉबिन्स यांचे गृहीत होते. निर्वात केलेल्या पात्रात तापलेल्या लोखंडावर दारू टाकून त्यांनी हा वायू गोळा केला. थंड झाल्यावर तो मूळ दारूच्या सुमारे २४४ पट जागा व्यापतो, असे त्यांना आढळले. लालबुंद तापविलेल्या नळीतील हवा किती पट प्रसरण पावते हे त्यांनी वेगळ्या प्रयोगाने मोजले. ते प्रमाण चौपटीहून किंचित अधिक आले. या दोन आकड्यांच्या गुणाकारावरून, पेटलेल्या दारूचा आरंभीचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १,००० पट असतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढील संशोधकांना हा दाब प्रत्यक्षात याहून अधिक असल्याचे आढळले. तरीही दारूच्या बलाला प्रयोगातून मिळालेला आकडा देण्याचा हा महत्त्वाचा टप्पा होता.

गोळी फारशी हलण्यापूर्वीच सर्व दारू पेटते आणि वायू जसजसा पसरतो तसतसा त्याचा दाब आकारमानाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, असे त्यांनी मानले. त्यावरून दारूचा भार, गोळीचे वजन, नळीचा व्यास आणि लांबी दिली असता नळीच्या तोंडाशी गोळीचा वेग किती असेल हे गणिताने काढण्याची रीत त्यांनी दिली. सिद्धांत खरा की खोटा हे ठरविण्यासाठी आता प्रत्यक्ष वेग मोजणे आवश्यक होते.

बॅलिस्टिक लंबक

यासाठी रॉबिन्स यांनी बनविलेले साधन अत्यंत साधे होते. एका मजबूत तिपाईला आडव्या आसावर लोखंडी लंबक टांगलेला असे. त्याच्या खालच्या टोकाला लाकडाची जाड फळी बसविलेली असे. संपूर्ण लंबकाचे वजन सुमारे ५६ पौंड होते. गोळी फळीत घुसून तेथेच रुतली की लंबक मागे झोका घेई. फळीच्या खालच्या कडेला बांधलेली फीत झोक्याबरोबर एका फटीतून ओढली जाई आणि तिच्या लांबीवरून झोका किती मोठा होता हे समजे.

यामागील तत्त्व संवेगाच्या अक्षय्यतेचे आहे. रॉबिन्स वापरीत असलेली शिशाची गोळी पाऊण इंच व्यासाची होती आणि अशा १२ गोळ्यांचे वजन एक पौंड भरे. अशी गोळी आणि ५६ पौंडांचा लंबक यांच्या वस्तुमानांचे प्रमाण सुमारे १ ला ६७२ असे पडते. साधा हिशोब केला, तर सेकंदाला सुमारे १,६५० फूट वेगाने आलेली गोळी रुतल्यावर गोळी व लंबक मिळून सेकंदाला अवघ्या अडीच फुटांच्या आसपास वेगाने हलतील. डोळ्यांना न दिसणारा वेग अशा रीतीने मोजता येण्याजोग्या मंद गतीत बदलला जाई. प्रत्यक्ष हिशोबात गोळी फळीवर कोठे लागली, लंबकाचा गुरुत्वमध्य कोठे आहे आणि त्याच्या आंदोलनाचा काळ किती आहे याही गोष्टी रॉबिन्स विचारात घेत.

दारूचा भार आणि वेग यांच्या चाचण्या

लंबक हाती आल्यावर रॉबिन्स यांनी लांब, मध्यम आणि आखूड नळ्या घेऊन दारूचा भार बदलत गोळ्या झाडल्या आणि प्रत्येक वेळी मोजलेला वेग गणिताने आलेल्या वेगाशी ताडून पाहिला. दोन्ही आकडे बहुतेक ठिकाणी जवळजवळ जुळले. साधारण ४५ इंच लांबीच्या नळीतून गोळीच्या निम्म्या वजनाची दारू भरून झाडलेल्या गोळीचा वेग सेकंदाला १,६०० ते १,७०० फुटांच्या घरात आला. हा वेग त्या काळच्या अनेक जाणकारांना आश्चर्यकारक वाटला.

या चाचण्यांतून पुढील गोष्टी स्पष्ट झाल्या.

दारूचा भार दुप्पट केल्याने वेग दुप्पट होत नाही. भार जसजसा वाढवावा तसतसा मिळणारा लाभ कमी होत जातो आणि बंदुकीचा धक्का व नळीवरील ताण मात्र वाढत जातो.

गोळी व नळी यांमध्ये मोकळी फट जितकी अधिक, तितका वायू बाजूने निसटतो आणि वेग घटतो. एकाच भाराने झाडलेल्या दोन गोळ्यांच्या वेगांतील फरकाचे हे एक मोठे कारण आहे.

हवेच्या दाबातील नेहमीच्या चढउताराचा दारूच्या बलावर लक्षणीय परिणाम होत नाही. दमटपणाचा मात्र फार होतो. एकाच पिंपातील दारू ओलसर दिवसांत दुबळी पडते, म्हणून चाचणी करताना दारू सारखीच कोरडी असणे आवश्यक आहे.

गोळी दारूला टेकवून न ठासता बऱ्याच अंतरावर ठेवली, तर वेगाने आलेला वायू गोळीमागे कोंडला जातो आणि त्या जागी नळी फुगण्याचा किंवा फुटण्याचा धोका असतो. ठासणीची बंदूक भरताना गोळी दारूपर्यंत पूर्ण दाबून बसवावी, या नियमाला यामुळे शास्त्रीय कारण मिळाले.

या निष्कर्षांवरून त्यांनी गोलंदाजांसाठी व्यावहारिक नियमही दिले. मैदानी तोफेत गोळ्याच्या वजनाच्या एकषष्ठांशाहून, फार तर एकपंचमांशाहून अधिक दारू भरू नये आणि तट फोडणाऱ्या तोफेतही हे प्रमाण एकतृतीयांशाच्या पुढे नेऊ नये, असा त्यांचा सल्ला होता. त्या काळी याहून बरीच अधिक दारू भरण्याची पद्धत होती. अधिक दारू म्हणजे अधिक मारा ही समजूत गोलंदाजांत खोल रुजलेली असल्याने या सल्ल्याला विरोध झाला.

हवेचा रोध

ग्रंथाच्या दुसऱ्या भागात रॉबिन्स यांनी तोच लंबक बंदुकीपासून वेगवेगळ्या अंतरांवर ठेवून गोळी वाटेत किती वेग गमावते हे मोजले. २५, ७५ आणि १२५ फुटांवर वेग अनुक्रमे सेकंदाला सुमारे १,६७०, १,५५० आणि १,४२५ फूट आला. म्हणजे प्रत्येक ५० फुटांत गोळी सेकंदाला सुमारे १२० फूट वेग गमावीत होती. यावरून हवा त्या लहानशा गोळीला सुमारे १० पौंड बलाने, म्हणजे तिच्या वजनाच्या सुमारे १२० पट बलाने, मागे रेटते असे निघाले. नगण्य मानला गेलेला हवेचा रोध प्रत्यक्षात गुरुत्वाकर्षणाहून कितीतरी पटींनी मोठा होता.

याचा परिणाम त्यांनी तोफेच्या उदाहरणाने दाखविला. २४ पौंडांचा गोळा पूर्ण वेगाने ४५ अंशांच्या कोनात सोडल्यास अन्वस्ताच्या नियमाप्रमाणे तो सुमारे १६ मैल जावयास हवा. प्रत्यक्षात तो ३ मैलही जात नाही.

गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाहून कमी असताना रोध न्यूटन यांच्या नियमाशी बराचसा जुळतो, पण ती मर्यादा ओलांडली की तो सुमारे तिपटीने वाढतो, असेही त्यांच्या ध्यानात आले. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचे वर्तन बदलते, याचे हे अगदी आरंभीचे निरीक्षण मानले जाते.

नेम का चुकतो

वेगाचा प्रश्न सुटल्यावर रॉबिन्स अचूकतेच्या प्रश्नाकडे वळले. गुळगुळीत नळीची बंदूक जड आधारावर घट्ट बसवून, तोच भार आणि तशीच गोळी वापरून झाडली, तरी गोळ्या एका जागी पडत नसत. सुमारे ७६० यार्ड अंतरावर गोळी कधी १०० यार्ड उजवीकडे, तर कधी तेवढीच डावीकडे जाई. एवढा फरक नेम धरणाऱ्याच्या हातामुळे किंवा दारूच्या भारातील चुकीमुळे पडणे शक्य नव्हते.

गोळीचा मार्ग पाहण्यासाठी त्यांनी अतिशय पातळ कागदाचे पडदे ठरावीक अंतरांवर उभे केले. गोळी पडद्यांना भोके पाडत जाई आणि त्या भोकांवरून तिचा मार्ग रेखाटता येई. गोळी सरळ न जाता बाजूला वळत जाते आणि हे वळण अंतराबरोबर झपाट्याने वाढते, असे आढळले.

याचे कारण त्यांनी गोळीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यात शोधले. ठासणीच्या बंदुकीत गोळी नळीहून थोडी लहान असते. ती नळीच्या भिंतींवर आपटत, घासत बाहेर येते आणि शेवटी ज्या बाजूला घासली असेल त्यानुसार तिला फिरकी मिळते. फिरणाऱ्या गोळीच्या एका बाजूला हवेचा रोध अधिक आणि दुसऱ्या बाजूला कमी होतो, म्हणून ती वळते. टेनिसचा फिरता चेंडू हवेत वळतो हे न्यूटन यांनी पूर्वीच नोंदविले होते. रॉबिन्स यांनी तोच विचार गोळीला लावला.

आपले म्हणणे पटविण्यासाठी १७४६ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीच्या सदस्यांपुढे प्रयोग केले. एका बंदुकीच्या नळीचे टोक त्यांनी डावीकडे वाकविले. अशा नळीतून गोळी डावीकडे जाणार हे उघड होते आणि जवळच्या पडद्यांवर ती तशीच गेली. परंतु डावीकडे वाकलेल्या नळीत गोळी उजव्या भिंतीला घासत बाहेर पडते. तिला मिळालेल्या फिरकीमुळे ती पुढे उजवीकडे वळली आणि ३०० फुटांवरील भिंतीवर मूळ नेमाच्या रेषेच्या उजवीकडे लागली. दुसऱ्या एका प्रयोगात पीळ दिलेल्या दुहेरी दोरीला टांगलेला लाकडी गोळा फिरत फिरत झोका घेई आणि त्याच्या झोक्याची दिशा फिरकीच्या अनुरोधाने बदलत जाई.

या कार्याबद्दल १७४६ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक दिले. फिरणाऱ्या वस्तूच्या वळणाला पुढे जर्मन शास्त्रज्ञ हाइन्रिख गुस्टाव मॅग्नस यांचे नाव मिळाले. मॅग्नस यांनी त्याचा अभ्यास १८५० च्या दशकात, म्हणजे रॉबिन्स यांच्यानंतर शंभरएक वर्षांनी केला. म्हणून काही लेखक या परिणामाला रॉबिन्स यांचेही नाव जोडतात.

पेचदार चरांची नळी

फिरकीमुळे नेम चुकत असेल, तर फिरकी काढून टाकण्याऐवजी तिला इष्ट दिशा द्यावी, हा रॉबिन्स यांच्या विचाराचा पुढचा टप्पा होता. नळीच्या आत पेचदार चर पाडलेल्या बंदुका, म्हणजे रायफली, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधील शिकारी फार पूर्वीपासून वापरीत होते. त्या अधिक अचूक असतात हे सर्वांना माहीत होते, पण कारण ठाऊक नव्हते. गोळी हवेत स्क्रूप्रमाणे शिरते, अशा कल्पना प्रचलित होत्या.

१७४७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात रॉबिन्स यांनी याचे स्पष्टीकरण दिले. चरांमुळे गोळी आपल्या गमनाच्या रेषेभोवतीच फिरते. त्यामुळे हवेचा रोध सर्व बाजूंनी सारखा राहतो आणि तिला कोणत्याही एका बाजूला वळण्याचे कारण उरत नाही. कमी दारूने झाडलेल्या लाकडी गोळ्यांवरून गोळीची तीच बाजू शेवटपर्यंत पुढे राहते, हेही त्यांनी तपासले.

रायफल भरण्याच्या निरनिराळ्या रीतींचेही वर्णन त्यांनी केले आहे. एका रीतीत नळीहून किंचित मोठी गोळी हातोड्याने ठोकून आत घालीत. तिला चरांचा आकार मिळे, पण भरण्यास फार वेळ लागे. दुसऱ्या रीतीत चरबी लावलेल्या कातड्याच्या किंवा जाड कापडाच्या तुकड्यात गोळी गुंडाळून ती गजाने दाबत. तुकडा चरांत घट्ट बसल्याने फट बुजे आणि गोळीला फिरकीही मिळे. मागील बाजूने भरावयाच्या बंदुकांनाही त्यांनी पसंती दर्शविली होती. गोल गोळीऐवजी अंड्याच्या आकाराची गोळी वापरण्याची कल्पनाही त्यांनी मांडली. जे राष्ट्र रायफलचे स्वरूप प्रथम पूर्णपणे समजून घेईल आणि आपल्या सैन्याला तिचा सराव देईल, ते इतरांवर मोठे वर्चस्व मिळवील, असे भाकीत त्यांनी या निबंधाच्या शेवटी केले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपातील सैन्यांनी रायफली सरसकट स्वीकारल्या, तेव्हा ते खरे ठरले.

ऑयलर यांचा अनुवाद

'न्यू प्रिन्सिपल्स'चा लौकिक वाढला तो मुख्यतः ऑयलर यांच्यामुळे. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या सेवेत असताना ऑयलर यांनी या ग्रंथाची निवड केली आणि १७४५ मध्ये त्याचा जर्मन अनुवाद प्रसिद्ध केला. पूर्वी रॉबिन्स यांनी केलेली टीका त्याआड आली नाही. ऑयलर यांनी जोडलेली भाष्ये मूळ ग्रंथाहून कितीतरी विस्तृत आहेत. त्यांत त्यांनी अनेक ठिकाणी रॉबिन्स यांच्या गणितात सुधारणा केल्या, तर काही ठिकाणी त्यांच्याशी मतभेद दर्शविला. फिरकीमुळे गोळी वळते हे रॉबिन्स यांचे म्हणणे ऑयलर यांनी मान्य केले नाही आणि या बाबतीत ऑयलर यांचेच मत चुकीचे होते. ऑयलर यांच्या भाष्यासह हा ग्रंथ १७७७ मध्ये पुन्हा इंग्रजीत आला.

आरमार आणि इतर कार्य

१७४७ मध्ये रॉबिन्स यांनी ब्रिटिश आरमाराची शक्ती वाढविण्याविषयी एक प्रस्ताव प्रसिद्ध केला. जहाजावर लांब नळीच्या लहान तोफांऐवजी मोठ्या व्यासाच्या, तुलनेने हलक्या तोफा ठेवून त्यांत कमी दारू भरावी, असे त्याचे सार होते. १७७० च्या दशकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील कॅरन कंपनीने बनविलेल्या आखूड कॅरोनेड तोफांमागील विचार याच प्रकारचा होता.

त्याच वर्षी ऑरेंजच्या राजपुत्राच्या निमंत्रणावरून बर्गेन-ऑप-झोम या वेढलेल्या किल्ल्याच्या रक्षणास मदत करण्यासाठी ते हॉलंडला गेले. परंतु सप्टेंबर १७४७ मध्ये फ्रेंचांनी तो किल्ला घेतला. ॲडमिरल जॉर्ज ॲन्सन यांच्या जगप्रदक्षिणेचा वृत्तान्त १७४८ मध्ये रिचर्ड वॉल्टर यांच्या नावाने प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखनात रॉबिन्स यांचा वाटा किती होता याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ॲन्सन यांच्या वजनाचा उपयोग करून त्यांनी ग्रिनिच वेधशाळेला नवी उपकरणे मिळवून देण्यासही मदत केली. १७४९ मध्ये लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये तहाच्या आनंदाप्रीत्यर्थ झालेल्या आतषबाजीच्या वेळी अग्निबाण किती उंच जातात हे मोजण्याची त्यांनी व्यवस्था केली आणि त्यावर निबंध लिहिला.

भारतातील वास्तव्य आणि मृत्यू

१७४९ मध्ये रॉबिन्स यांच्यापुढे दोन पर्याय आले. एक, ॲकेडियाच्या सीमा ठरविण्यासाठी प्रतिनिधी म्हणून पॅरिसला जाणे आणि दुसरा, ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्य अभियंते होणे. त्यांनी दुसरा स्वीकारला. १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास सहज जिंकून घेतल्याने तेथील तटबंदीचे दौर्बल्य उघड झाले होते. तहान्वये मद्रास परत मिळाल्यावर किल्ल्यांची नव्याने उभारणी करणे कंपनीला निकडीचे वाटत होते. खगोलीय वेध व प्रयोग यांची उपकरणे बरोबर घेऊन रॉबिन्स यांनी डिसेंबर १७४९ मध्ये इंग्लंड सोडले. जुलै १७५० मध्ये ते कडलूरजवळील फोर्ट सेंट डेव्हिड येथे पोहोचले. कंपनीच्या किनाऱ्यावरील कारभाराचे मुख्य ठाणे तेव्हा तेथेच होते.

या किल्ल्याचा मराठ्यांच्या इतिहासाशी संबंध आहे. छत्रपती राजाराम महाराज जिंजीस असताना, १६९० मध्ये, इंग्रजांनी देवनामपट्टणम येथील हा किल्ला मराठ्यांकडून विकत घेतला. किल्ल्यावरून सोडलेला तोफेचा गोळा जेथवर पोहोचेल तेथवरचा मुलूख या व्यवहारात इंग्रजांना मिळाला. म्हणून आसपासची गावे तमिळ भाषेत तोफगोळ्याची गावे या अर्थाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. गोळ्याचा पल्ला किती हा प्रश्न शास्त्रीय कसोटीवर आणणारा अभ्यासक याच ठिकाणी अखेरच्या कामावर यावा, हा एक योगायोग होय.

रॉबिन्स यांनी फोर्ट सेंट डेव्हिड आणि मद्रास या दोन्ही ठिकाणच्या तटबंदीचे आराखडे तयार केले. मात्र तेथील हवामान त्यांच्या प्रकृतीला मानवले नाही. सप्टेंबर १७५० मध्ये त्यांना ताप आला. त्यातून ते बरे झाले, पण पूर्वीची शक्ती परत आली नाही. २९ जुलै १७५१ रोजी, कंपनीसाठी अहवाल लिहीत असतानाच, त्यांचे निधन झाले. पुढील महिन्यात रॉबर्ट क्लाइव्हची अर्काटवरील मोहीम सुरू झाली आणि त्या वर्षाच्या अखेरीस मुरारराव घोरपडे यांचे मराठा घोडदळ तिला येऊन मिळाले. कर्नाटकातील ज्या संघर्षासाठी त्यांनी किल्ले योजले होते, तो रंगात येण्यापूर्वीच रॉबिन्स यांचे आयुष्य संपले होते. १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती लाली याने फोर्ट सेंट डेव्हिड जिंकून त्याची तटबंदी उद्ध्वस्त केली.

वारसा

रॉबिन्स यांचे मित्र जेम्स विल्सन यांनी त्यांचे गणित व तोफशास्त्र यांवरील लेखन चरित्रपर प्रस्तावनेसह दोन खंडांत १७६१ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या वुलिच येथे रॉबिन्स यांना जागा मिळाली नाही, तेथेच गणिताचे प्राध्यापक चार्ल्स हटन यांनी १७७० च्या दशकात मोठे लंबक बनवून रॉबिन्स यांचे प्रयोग तोफांपर्यंत वाढविले. त्या कार्याबद्दल हटन यांनाही १७७८ मध्ये कॉप्ली पदक मिळाले. विद्युत उपकरणांनी वेग मोजण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ होईपर्यंत बॅलिस्टिक लंबक हेच गोळीचा वेग मोजण्याचे प्रमुख साधन राहिले. संवेगाची अक्षय्यता समजावून देण्यासाठी त्याचा समावेश आजही पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत केला जातो.

बंदुकीचा भार तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, उरलेल्या सारख्या ठेवाव्यात, वेग मोजावा आणि मग निष्कर्ष काढावा, ही त्यांची रीत पुढे शस्त्रांच्या चाचणीची सर्वमान्य पद्धत बनली. ठासणीच्या बंदुका आज सैन्यांतून नाहीशा झाल्या आहेत. परंतु त्यांतून नेम साधणारे हौशी नेमबाज आजही दारूचा भार थोडा थोडा बदलून, गोळी व चरबी लावलेले कापड यांची जाडी जुळवून आणि प्रत्येक भाराने झाडलेल्या गोळ्या किती जवळजवळ लागतात हे पाहून आपल्या बंदुकीला मानवणारा भार शोधतात. फट, फिरकी आणि भार यांचा अचूकतेशी असलेला जो संबंध ते तपासतात, त्याची शास्त्रीय मांडणी रॉबिन्स यांनी केली होती.